दऱ्या शोधल्या, दर्या सापडला

ताई, नमस्कार.

मी हिंजवडीत एका कंपनीत तीन वर्षं नोकरी करते. आजोबांच्या गडकिल्ल्यांच्या भटकंतीच्या वह्या मी एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) नोट्स ॲपमध्ये उतरवून ठेवते आहे. निम्म्या वह्या मी टाईप केल्या. निम्म्या आजोबांनी पूर्वी एका डीटीपीवाल्याकडून करून घेतल्या होत्या, त्या युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीत, बदलून आणल्या. आता ॲपमध्ये 'दऱ्या' शोधलं की फक्त मी टाईप केलेल्या नोंदी येतात, जुन्या येतच नाहीत. डोळ्यांना शब्द अगदी सारखा दिसतो. चार रात्री जागून मी कोडमध्ये दुरुस्ती केली आणि पुल रिक्वेस्ट (पीआर), म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती, पाठवली. आयुष्यातली पहिली. तीन दिवसांनी मेन्टेनरचं, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचं, दोन ओळींचं उत्तर आलं: एवढं मोठं तपासणं शक्य नाही, नेमका दोष काय ते समजत नाही, बंद करतो आहे. धन्यवादसुद्धा नाही.

ऑफिसातला सहकारी म्हणतो, भारतीय नाव दिसलं की ते लोक असंच करतात. मैत्रीण म्हणते, एआयकडून दहा-पंधरा छोट्या पीआर करून घे, प्रोफाइलवरचे रोजच्या कामाचे चौकोन हिरवेगार दिसतील. आई म्हणते, पगार मिळतो तिथं डोकं चालव, फुकटची हमाली कशाला. शिवाय माझ्या कंपनीला हे चालतं का, तेही मला ठाऊक नाही. पीआरची लिंक सोबत देते आहे. सोडून देऊ का?

– हिरमुसली, चिंचवड

प्रिय हिरमुसली,

लिंक उघडली. ४१ फाइली, हिरव्या (नव्या) आणि तांबड्या (काढलेल्या) मिळून १,९०० च्या वर ओळी. चहा बाजूला ठेवला आणि त्यात तुझ्या ओळी किती ते मोजायला बसले. २३ निघाल्या. बाकीचा पसारा तुझ्या फॉरमॅटरचा, म्हणजे कोडची मांडणी आपोआप बदलणाऱ्या साधनाचा. कमिटच्या (बदल नोंदवण्याच्या) आधी अख्ख्या फोल्डरवर फॉरमॅटर फिरवायची तुझी ऑफिसातली सवय असणार. तिकडे ती शिस्त असेल, पण या प्रोजेक्टात टॅब वापरतात आणि तुझ्या फॉरमॅटरने झाडून सगळे टॅब काढून स्पेस भरल्या. वर कमिटचा संदेश काय, तर 'मराठीचा बग फिक्स केला'.

आता जरा त्या माणसाच्या खुर्चीत बस. त्याला मराठी येत नाही, देवनागरी वाचता येत नाही. अनोळखी कुणीतरी त्याच्या घरातली प्रत्येक वस्तू इंचभर सरकवून गेलं आहे, आणि चिठ्ठीत लिहिलं आहे, 'नळ दुरुस्त केला'. नळ कुठला, गळत काय होतं, काही नाही. त्याने दोन ओळी लिहिल्या हेच पुष्कळ म्हणेन मी. 'धन्यवाद' लिहायला हवं होतं, हेही म्हणेन. पण त्या दोन ओळी तू रागाच्या भरात वाचल्यास, म्हणून एक गोष्ट निसटली. 'नेमका दोष काय ते समजत नाही' हे वाक्य दार लावून घेणाऱ्याचं नव्हे. तो प्रश्न आहे. त्याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

मी हे दुसऱ्या बाजूने बोलते आहे, कारण मीही एक लहानशी लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रामात वापरता येणारा तयार कोड, सांभाळते. जुन्या देवनागरी फॉन्टांतला मजकूर ती युनिकोडमध्ये आणते. वापरणारे म्हणजे काही ग्रंथालयं, दिवाळी अंकवाले, प्रबंध लिहिणारी मुलं. तिचा पगार नाही. रात्री ओटा आवरून साडेदहाला लॅपटॉप उघडते, तेव्हा हातात चाळीस मिनिटं असतात. त्यात पाच पीआर पडलेल्या असल्या तर मी आधी कुठली उघडते? जिच्यात काय केलं आहे ते मला पाच मिनिटांत कळेल ती. यात गुणवत्तेचा न्याय वगैरे काही नाही, डोळे मिटायच्या आत एक तरी काम संपावं एवढीच इच्छा असते. आणि घेतलेला कोड पुढे मलाच सांभाळायचा असतो. देणारा देऊन निघून जातो. दोन वर्षांनी तो मोडला की शिव्या मला. त्यामुळे अनोळखी माणसाच्या १,९०० ओळी मला भेट वाटत नाहीत. दत्तक घ्यायला सांगितल्यासारख्या वाटतात.

माझा स्वतःचा पहिला पॅच (दुरुस्तीचा तुकडा) मी झिप करून ईमेलला जोडला होता. उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

पण तुला जे खरं सांगायचं आहे ते फॉरमॅटिंगचं नाहीच. फॉरमॅटिंग दहा मिनिटांत निस्तरेल. मी तुझ्या त्या २३ ओळी उतरवून चालवून पाहिल्या. 'दऱ्या' शोधलं. तुझ्या नोंदी आल्या, आजोबांच्या जुन्या नोंदींसारख्या लिहिलेल्या ओळीही आल्या. छान. आणि त्यांच्याबरोबर मी मुद्दाम घालून ठेवलेलं 'जंजिऱ्याभोवती दर्या खवळलेला' हेही आलं. तुझ्या दुरुस्तीने सह्याद्रीतल्या दऱ्या आणि कोकणातला दर्या एकच केले.

हे का झालं ते नीट बघू, कारण तुझं सगळं घोडं इथेच अडलं आहे. 'दऱ्या'मधला तो 'य'च्या डाव्या अंगाला चिकटलेला वळणदार अर्धा र युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. पहिली तऱ्हा सरळ: ऱ, म्हणजे ०९३१, त्याला हलन्त, मग य. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की हाच ऱ येतो, आणि तू तसंच टाईप करत असणार. दुसरी: साधा र म्हणजे ०९३०, त्याच्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, ०९३सी, मग हलन्त, य. युनिकोडच्या लेखी हे पहिल्याचंच सुटं केलेलं रूप आहे, दोन्ही समान मानायची. तिसरी मात्र वेगळी: साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह २००डी, मग य. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळातली ही रीत. जुना मजकूर मोडू नये म्हणून आजही ती ग्राह्य आहे. जुन्या कनव्हर्टरांतून निघालेल्या मजकुरात ती सर्रास भेटते. आजोबांच्या वह्या तिथेच अडकल्या आहेत.

तू काय केलंस? इंटरनेटवर सगळे जे करतात तेच. अक्षरं सुटी केलीस, मग नुक्ता आणि झेडडब्ल्यूजे ही 'किरकोळ' चिन्हं पुसून टाकलीस. तिन्ही तऱ्हा एकसारख्या झाल्या खऱ्या, पण सगळ्या 'र, हलन्त, य' झाल्या. आणि र-हलन्त-य म्हणजे रफार. म्हणजे 'दर्या'. तुझ्या कोडमध्ये आचाऱ्यांना दिलेलं जेवणाचं कंत्राट आचार्यांना मिळतं! फ्रेंचमधल्या मात्रावाल्या é साठी जो उपाय चालतो तो आपल्याकडे चालत नाही, कारण आपली ही चिन्हं नक्षीसाठी नसतात. (याहून भयंकर मी पाहिलं आहे. एका ॲपने 'ॲक्सेंट काढतो' म्हणून सगळी न-जागा-घेणारी चिन्हं पुसली होती. त्यात आपली वरची-खालची मात्रा, उकार, अनुस्वार, हलन्त सगळं आलं. 'मेळा' शोधला की 'मळा' सापडायचा. काना मात्र वाचला, कारण तो युनिकोडच्या हिशेबात जागा घेतो.)

नुक्ता पुसल्याने हिंदीवाल्यांचंही नुकसान आहे. त्यांचा ड आणि ड़ वेगळे.

मग बरोबर काय? शोधायचा शब्द आणि मजकूर, दोन्हींवर फक्त तुलनेपुरतं दोन पायऱ्यांचं काम करायचं. आधी 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' हा क्रम दिसेल तिथे 'ऱ, हलन्त' ठेवायचं. एवढंच, बाकी कुठल्या झेडडब्ल्यूजेला हात लावायचा नाही. मग दोन्ही बाजू एनएफसी या प्रमाणित रूपात आणायच्या, की सुटा र-नुक्ता आपोआप जुळून ऱ होतो. गंमत अशी की त्याच एनएफसीमध्ये हिंदीचा ड़ जुळायच्या ऐवजी सुटा होतो. पण दोन्हीकडे सुटा होत असल्याने तुलनेत बिघडत नाही. साठवलेल्या मजकुराला मात्र बोट लावू नकोस. शोध सुधारतो म्हणून लोकांच्या फाइली बदलायच्या, हे कुठलाही शहाणा मेन्टेनर घेणार नाही, आणि घेऊही नये.

आणखी एक खड्डा आहे. तुझ्या पीआरमध्ये तो मला दिसला, मेन्टेनरला तर पहिल्या झटक्यात दिसेल. रूप बदललं की लांबी बदलते. चार चिन्हांची तीन होतात. ॲप सापडलेला शब्द पिवळा करून दाखवतं, तो कुठून कुठपर्यंत हे बदललेल्या मजकुरावर मोजलेलं असेल तर मूळ मजकुरावर पिवळा पट्टा एक अक्षर सरकतो. ओळीत असे चार ऱ आले की चार अक्षरं. म्हणून प्रत्येक चिन्ह मुळात कितव्या जागी होतं याची नोंद जवळ ठेवावी लागते. तुझ्या २३ ओळींच्या बहुधा ४० होतील. होऊ देत.

हे सगळं मी तुला इतकं पिंजून सांगते आहे, कारण एका गोष्टीकडे तुझं लक्ष गेलेलं नाही. त्या प्रोजेक्टात तुझ्यापेक्षा सरस कोड लिहिणारे शंभर जण असतील. दऱ्या आणि दर्या यांत फरक आहे हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस-सॉफ्टवेअरची हकीकत तुला सांगते. त्याचं मूळ स्टारऑफिस हे जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन कंपनीचं. ती कंपनी १९९९ मध्ये सन या अमेरिकी कंपनीने घेतली, पुढे त्यातून ओपनऑफिस झालं आणि २०१० मध्ये त्याचा फाटा फुटून लिब्रेऑफिस. इतके मालक बदलले तरी कोडमधल्या हजारो टिपा जर्मनमध्येच राहिल्या होत्या. नव्या लोकांना कोड वाचता येई, पण तो तसा का लिहिला ते कळत नसे. मग नवशिक्यांसाठी राखून ठेवलेल्या सोप्या कामांच्या यादीत 'जर्मन टिपांचं इंग्रजी करा' हे काम घातलं गेलं, आणि माणसं वर्षानुवर्षं एकेक फाइल घेऊन ते करत राहिली. सी प्लस प्लस जेमतेम आणि जर्मन उत्तम, असा माणूसही तिथे कामाचा ठरला. तुझं जर्मन म्हणजे हा ऱ.

तर आता कोड बाजूला ठेव. आधी इश्यू, म्हणजे दोषाची जाहीर नोंद, उघड. इंग्रजी सुंदर असायची काही गरज नाही, मोजकं असू दे. तीन नोंदी, तिघींत डोळ्यांना सारखा दिसणारा शब्द, प्रत्येकीतली चिन्हं आकड्यांत लिहिलेली. देवनागरी न वाचणाऱ्यालाही ०९३०, ०९४डी, २००डी, ०९२एफ हे वाचता येतं. मग चौथी नोंद 'दर्या'ची. त्याखाली: पहिल्या तिघी सापडायला हव्यात, चौथी सापडता कामा नये, आज फक्त पहिली सापडते. युरोपातल्या माणसाला दुसरी तऱ्हा लगेच कळेल, त्यांच्या मात्रावाल्या अक्षरांतही तेच होतं. तिसरी कळणार नाही, तिथे एक वाक्य जास्त लिही. तो दर्या वगळू नकोस. त्या एका नोंदीवरून त्याला कळेल की हिने प्रश्नाचा तळ पाहिला आहे.

शेवटी विचार: मी दुरुस्ती पाठवली तर चालेल का, आणि शोधाचा भाग कुठल्या फाइलीत असावा असं तुम्हाला वाटतं? मग थांब. 'हो' आल्यावर नवी ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा) काढ. जुनीवर ठिगळं लावत बसू नकोस. पहिल्या कमिटमध्ये नुसती टेस्ट, चारही नोंदींची, आत्ता नापास होणारी. दुसऱ्यात दुरुस्ती. कमिट करताना बदल निवडायच्या 'गिट ॲड' या आज्ञेला 'पी' जोडून एकेक तुकडा डोळ्यांखालून घाल. ज्या तुकड्याचं कारण तुला एका वाक्यात सांगता येत नाही तो आत जाऊ देऊ नकोस. फॉरमॅटर त्या फोल्डरपुरता बंद. आणि प्रोजेक्टात 'कॉन्ट्रिब्युटिंग' नावाची फाइल आहे, ती वाच. मी वाचली. इश्यूशिवाय पीआर पाठवू नये असं तिसऱ्या ओळीत लिहिलं आहे, बाई.

उत्तर यायला वेळ लागला तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा सौम्य आठवण करायची. एकदाच.

बंद झालेल्या पीआरचं तू जे सुतक धरलं आहेस ते सोड. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, आजही पॅच साध्या मजकुराच्या ईमेलने जातात आणि पहिल्या खेपेला घेतलाच गेला तर पाठवणाऱ्यालाच आश्चर्य वाटतं. शेरे येतात, माणूस दुसरी आवृत्ती पाठवतो, विषयाच्या ओळीत 'व्ही २' लिहून. मग व्ही ३. सातव्या आवृत्तीला घेतलेले पॅच तिथे रोजचे आहेत. मागच्या खेपेपासून काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहायची पद्धत आहे, म्हणजे वाचणाऱ्याला ते दिसतं, पण कायमच्या इतिहासात जात नाही. मला ही पद्धत फार आवडते. इतिहासात शेवटचं शहाणपण राहतं, वाटेत खाल्लेली बोलणी राहत नाहीत. तू व्ही १ पाठवून रडत बसली आहेस.

आता तुझे तीन सल्लागार.

सहकाऱ्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. नाव बघून वागणारी माणसं जगात आहेत आणि ती कोडही लिहितात. पण याच मेन्टेनरने गेल्या काही महिन्यांत बंद केलेल्या पीआर मी चाळल्या. मोठ्या आणि इश्यूशिवाय आलेल्या त्याने सगळ्यांच्याच बंद केल्या आहेत, नावं कुठल्याही देशातली असोत. आणि एक आपल्या नावावरचं किटाळही तुला माहीत असावं. २०२० च्या ऑक्टोबरात एका कंपनीच्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पीआर केल्या की टी-शर्ट मिळणार होता. लोकांनी जगभरच्या रेपोंमध्ये (कोडच्या भांडारांत) रीडमी या ओळखीच्या फाइलीत एखादं विशेषण घुसवून पीआरचा मारा केला. महिना सुरू होताच आयोजकांना नियम बदलावे लागले, जे प्रोजेक्ट स्वतःहून नाव नोंदवतील तेवढेच धरायचे असं ठरलं. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या नावाजलेल्या फ्रेमवर्कच्या रीडमीत स्वतःचं नाव घालणाऱ्या पीआरची रीघ लागली. पुल रिक्वेस्ट कशी करायची हे शिकवणाऱ्या एका भारतीय व्हिडिओत उदाहरणाला तो रेपो घेतला होता, आणि विद्यार्थ्यांनी सराव थेट तिथेच केला. पोरांचा हेतू वाईट नव्हता. पण ते निस्तरणाऱ्या स्वयंसेवकाची संध्याकाळ गेली ती गेलीच. नव्या खात्याकडून आलेल्या अगम्य पीआरकडे बघायची नजर अशाने गढूळ होते, आणि त्याचा फटका तुझ्यासारखीला बसतो.

एक्सझेडचं प्रकरण तर तू ऐकलं असशील. मार्च २०२४. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ त्या छोट्या कॉम्प्रेशन लायब्ररीला उपयोगी पॅच दिले. मूळ मेन्टेनर एकटा, बिनपगारी, थकलेला. त्याच्यावर वेगवेगळ्या खात्यांवरून 'फार उशीर लावतोस' असा दबाव येत राहिला, आणि जिया टॅन सहमेन्टेनर झाला. मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला, टेस्टच्या बायनरी फाइलींत दडवलेला. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचच्या (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायच्या साधनाच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकलं, म्हणून तो सापडला. नाहीतर जगभरच्या सर्व्हरांत गेला असता. त्यानंतर ज्याने ज्याने '४१ फाइली बदलल्या' हे शब्द पाहिले असतील त्याच्या पोटात थोडं ढवळलं असेल.

मैत्रिणीचा सल्ला मात्र सरळ केराच्या टोपलीत टाक. एआय वापरू नकोस असं मी म्हणत नाही, मीही रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरात नमुने शोधायची सूत्रं) त्याच्याकडूनच लिहून घेते, माझी ती कधीच पहिल्यांदा बरोबर येत नाहीत. पण स्वतःला न समजलेला कोड दुसऱ्याला तपासायला द्यायचा म्हणजे आपली मेहनत त्याच्या गळ्यात घालायची. कर्ल हे इंटरनेटवरून डेटा आणायचं साधन जन्माला घालणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून जाहीरपणे सांगत आहेत की एआयने रचलेले खोटे दोष-अहवाल तपासण्यात त्यांच्या चमूचा किती वेळ जातो. गेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमांच्या प्रोजेक्टांनी त्याच वर्षी एआयने लिहिलेला कोड घेणार नाही असा नियमच केला. दुसरीकडे चालतो, पण तसं सांगावं लागतं. प्रत्येक घराचा शिरस्ता वेगळा, विचारून घे. आणि हिरव्या चौकोनांचं म्हणशील, तर मी नोकरीसाठी मुलाखती घेते तेव्हा ते चौकोन पाहत नाही. एक पीआर उघडते आणि खालचं संभाषण वाचते. शेरा आल्यावर हा माणूस चिडला का, समजून घेतलं का, नाही पटलं तर कसं सांगितलं. तेवढं पुरतं.

कंपनीचं तू शेवटी एका वाक्यात उरकलं आहेस, पण ते आधी बघायला हवं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. हे काम तू नोकरीच्या ओघात केलेलं नाहीस, हे खरं. पण तुझं नेमणूकपत्र काढून वाच. पुष्कळ आयटी कंपन्यांच्या पत्रांत 'नोकरीच्या काळात निर्माण केलेलं सगळं' असं जाळं पसरलेलं असतं, त्यात रात्रीचं, घरचं, स्वतःच्या लॅपटॉपवरचंही ओढलं जाऊ शकतं. तसं असेल तर मॅनेजरला आणि एचआरला चार ओळींचा मेल टाक: अमुक प्रोजेक्ट, अमुक लायसन्स, कंपनीच्या कामाशी संबंध नाही, माझ्या वेळेत, माझ्या मशीनवर. लेखी 'हो' घे. तोंडी 'कर गं, काय होतंय' चालणार नाही. लिनक्सवाल्यांनी हे आपल्या परीने सोडवलं आहे. २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड आहे म्हणत कोर्टकचेऱ्या सुरू केल्या. त्यानंतर, २००४ पासून, प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' म्हणून नाव घालावं लागतं. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी ती ग्वाही. तुझ्या प्रोजेक्टातही ती मागतात, मी पाहिलं. परवानगी नसताना ती ओळ लिहू नकोस.

आईला काय सांगायचं ते मला नीटसं सुचत नाही. पैशाचे मार्ग आहेत. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून फक्त विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही, आउटरीची हा पगारी इंटर्नशिपचा उपक्रम आहे. पण आईचा प्रश्न त्याबद्दल नाहीच. चार रात्री जागून पोरगी तोंड पाडून बसली आहे, हे तिला बघवत नाही. तिला एकदा शेजारी बसव. आजोबा तिचे वडील की सासरे, तू लिहिलेलं नाहीस. कोणीही असोत, जुन्या वह्यांतला एखादा शब्द तिला शोधायला सांग, ऱ असलेला. सापडणार नाही. बाकीचं तिचं ती ठरवेल.

एक शेवटचं. आजोबांच्या वह्या कुठल्या कनव्हर्टरने बदलून आणल्या ते पत्रात नाही. तुझी पीआर वाचून झाल्यावर मला शंका आली, म्हणून रात्री माझी स्वतःची लायब्ररी चालवून पाहिली. 'दऱ्या' दिली. बाहेर आलं ०९३०, ०९४डी, २००डी, ०९२एफ. म्हणजे तिसरी तऱ्हा, मीच घातलेली. २०११ साली माझ्या मशीनवरच्या फॉन्टात ऱ-हलन्त-य नीट उमटत नव्हतं म्हणून मी ती पळवाट काढली होती, कोडमध्ये 'तात्पुरतं' अशी टीपसुद्धा आहे. मग विसरले. तेव्हापासून ती तशीच कुणाकुणाच्या वह्यांत जाते आहे.

इश्यू मीच माझ्या रेपोत उघडून ठेवला आहे. तुझ्या चार नोंदींची टेस्ट तिथेही जशीच्या तशी लागेल. नेमणूकपत्र वाचून झालं आणि करायची इच्छा असली तर त्याखाली लिही, पुढच्या रविवारपर्यंत मी हात लावत नाही. फॉरमॅटर बंद करून ये.

– तुझी ताई